डाव्या गालावरची धुई

ममतानं फोटोवर ग्लॉसचा दुसरा हात मारला, फवाऱ्याचा डबा खाली ठेवला, नाकावरचा रुमाल सोडला, आणि पाहते तर मायच्या डाव्या गालावर पांढरं आलेलं. आधी तिला वाटलं, वासानं आपल्याच डोळ्यांपुढे आलं असेल. तिनं डोळे मिटून उघडले, वाकून उजेडाच्या बाजूनं पाहिलं. होतंच. डोळ्याखालून निघून जबड्याच्या कडेपर्यंत उतरलेलं, मध्ये दाट, कडेला विरळ. अगदी तिथेच, जिथून परवा तिनं ते काढून टाकलं होतं. संगणकासमोर अख्खी दुपार बसून काढलं होतं. उजव्या गालाची कातडी उचलून डाव्या गालावर बसवली होती, सुरकुत्या उलट्या फिरवून जिथल्या तिथे लावल्या होत्या. इतका जीव लावून तिनं कोण्या नवरीचं पुरळही कधी काढलं नव्हतं. आणि ते आता परत आलं होतं, कोणी न बोलावता, आपली जागा बरोबर ओळखून. पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं.

तसं हे काय आहे ते तिला ठाऊक होतं. भूत नव्हतं, ओल होती. भादव्याची हवा, सकाळपासून आभाळ भरलेलं, स्टुडिओच्या भिंतींना घाम. अशा हवेत ग्लॉसचं हे लॅकर मारलं की ते वाळता वाळता हवेतली ओल पिऊन घेतं आणि वर पांढुरकी धुई धरते. लाकडाला पॉलिश करणारेही पावसाळ्यात हात आखडता घेतात ते यासाठीच. डब्यावर लिहिलेलंही असतं, दमट हवेत मारू नये म्हणून. पण दिग्रससारख्या गावात मारायचं कधी? दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचे तंतू उडत असतात, ओल्या चकाकीवर येऊन बसतात आणि नवरदेवाच्या सुटावर पांढरी लव उगवते. उन्हाळ्यात ग्लॉस कागदावर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि हाताला रवा लागतो. म्हणजे वर्षात चांगले दिवस मोजकेच, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक कधी येत नाही. भाऊ तर नाहीच नाही. धम्मरत्न, तिचा धाकटा, यवतमाळच्या नव्या घरात रविवारी राहायला जाणार होता. बुद्धवंदना, भोजनदान, सगळं ठरलेलं. हॉलमध्ये वारलेल्या वडिलांचा, बाबांचा मोठा फोटो, शेजारी मायचा. बाबांचा होताच, नागपुरात केलेला, आरशासारखा. मायचा ताईनं करायचा, आणि तोही तसाच चकचकीत, कारण दोन फोटोंत एक चमकणारा आणि एक मळकट दिसला तर पाहणारा काय म्हणेल. पाहणारा काय म्हणेल, हा धम्माचा लहानपणापासूनचा प्रश्न. मायनं एवढंच म्हटलं होतं की जित्या माणसाला भिंतीवर लावता आहात तर लावा, पण मग उतरवायची घाई करू नका.

ग्लॉस मारायला ममताला कोणी शिकवलं नव्हतं. आधी ती प्रिंट काढायची आणि देऊन टाकायची. मग लोक तक्रारी घेऊन येऊ लागले. फोटो म्हटला की पुसायचा, आणि पुसायचा म्हणजे ओल्या फडक्यानं, ही घरोघरची रीत. शाईच्या प्रिंटला तर पाण्याचा थेंब सोसत नाही. गावातल्या एका घरी दसऱ्याला आजोबा पुसले, तर आजोबांच्या मिशा शर्टावर आल्या. त्यानंतर तिनं मोबाइलवर शोधून एका टकल्या परदेशी माणसाचं काम पाहायला सुरुवात केली. त्याची भाषा तिला कळत नव्हती, हात कळत होते. प्रिंट पूर्ण दिवस उघडी ठेवायची, शाईतली ओल जाऊ द्यायची. मऊ फडक्यानं धूळ टिपायची. डबा हलवायचा, आतली गोळी खडखडली पाहिजे. मग कागदाच्या बाहेरून सुरू करून कागदाच्या बाहेर संपवायचं, मध्ये हात थांबवायचा नाही. पहिला हात आडवा, दुसरा उभा. हात थांबला की थर जाड होतो. आज तिचा हात थांबला होता, हे तिला आता कळत होतं. डाव्या गालावर थांबला होता. तिथला जोड दुसऱ्या कोणाला दिसला नसता, पण तिला दिसत होता. उसनी कातडी जिथे संपते आणि खरी जिथे सुरू होते ती रेघ. ती बुजावी म्हणून तिनं तिथून डबा आणखी एकदा फिरवला, मग आणखी एकदा. आणि जिथे थर जाड तिथे धुई जाड. इतकं सरळ होतं ते.

माय दुपारच्या गाडीनं येणार होती. ढाणकीहून उमरखेड, तिथून पुसद, मग दिग्रस. उद्या दुपारनंतर दोघी मिळून यवतमाळला. म्हणजे अजून वेळ होता. ममतानं आतल्या खोलीतून नवरीच्या मेकअपसाठी ठेवलेला केस वाळवायचा ड्रायर आणला, वायर सोडवली, आणि लांबून, हात हलता ठेवून, गरम हवा द्यायला सुरुवात केली. ऊब मिळाली की कधी कधी धुई उडते. कधी उडत नाही. जवळ नेलं तर ग्लॉसला फोड येतात. ती वाकून वारा घालत राहिली, एखाद्या तापलेल्या पोराजवळ बसल्यासारखी, आणि फोटोतली माय तिच्याकडे पाहून हसत राहिली. हा फोटो तिनंच काढलेला, गेल्या उन्हाळ्यात. माय पंख्याखाली बसायला म्हणून स्टुडिओत आली होती, ममता नवा दिवा लावून पाहत होती, आणि सहज म्हणाली, माय, इकडं पाह्य. मायनं पाहिलं. सरळ. मायचा सरळ पाहतानाचा असा हा आयुष्यातला पहिलाच फोटो असावा. ममता दहा वर्षांची असताना उमरखेडच्या एका स्टुडिओत सगळे गेले होते. बाबांनी नवा सदरा घातला होता, धम्मा मांडीवर. फोटोवाल्यानं काळ्या कपड्यातून डोकं बाहेर काढलं, पुढे आला, दोन बोटांनी मायची हनुवटी धरली आणि डावीकडे वळवली. काही बोलला नाही. एखादं मडकं तडा गेलेली बाजू भिंतीकडे करून ठेवावं तसं. पुढे मायला कोणी वळवावं लागलं नाही, ती आपणहून वळायची. लग्नं, बारशी, धम्माचं पदवीदान, सगळीकडे मायचा उजवा गाल. ममतानं फोटोचा धंदा धरला, हजारो चेहरे सरळ करून बसवले, खांदा जरा खाली, हनुवटी जरा वर, पण मायला कधी म्हटलं नाही की माय, सरळ बस. म्हटलं असतं तर तिला त्या पांढऱ्या डागाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि त्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. बाबा फक्त एक करायचे. जेवायला बसले की मायच्या डाव्या बाजूला बसायचे. गाडीत डाव्या बाजूला. लहानपणी ममताला वाटायचं, बाबा तो डाग लोकांपासून झाकायला बसतात. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि ते कशाला बसत होते हे विचारायचं राहूनच गेलं.

न बोलता मात्र पुष्कळ चालायचं. माय एका शाळेत खिचडी शिजवायची, मग तिला फक्त तांदूळ निवडायला सांगितलं, मग भांडी, मग झाडू. पोरं घाबरतात म्हणे. मायचं म्हणणं, पोरं कशाची घाबरतात, ती तर गालाला बोट लावून विचारायची, आजी, हे दूध सांडलं का. घाबरायचे ते मोठे. कोणी तिच्या हातचा चहा उपास आहे म्हणून टाळायचे, आणि पुढच्या घरी जाऊन प्यायचे. ममता बारा वर्षांची झाली तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुतल्यावर आरशात आधी डावा गाल पाहायची, मग उजवा, मग ओठांच्या कडा, मग बोटांची पेरं. शाळेत, कॉलेजात, लग्नानंतर, पोरं झाल्यावर. काही नाही, काही नाही, काही नाही. इतकी वर्षं रोज सकाळी एक सुटकेचा श्वास, आणि त्याच्या पाठोपाठ जरा लाज, कारण सुटका कोणापासून, तर मायपासून. आणि गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर केस बांधताना हाताच्या आरशात डाव्या कानामागे दिसलं. तुरीच्या दाण्याएवढं. तिनं नखानं खरवडून पाहिलं, उटणं असेल म्हणून. उटणं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं अंबाडा सोडला आणि केस कानांवर मोकळे ठेवू लागली. अश्वजित, तिचा नवरा, एसटीत कंडक्टर, दिवसभर शेकडो माणसांचे चेहरे पाहणारा. तो म्हणाला, बाई फॅशनमध्ये आल्या. ती हसली. डॉक्टरकडे गेली नाही. बोलली नाही. दाणा आता बोराएवढा झाला होता, आणि ती ते बोट लावून मोजायची, डोळ्यांनी नाही. परवा मायचा गाल साफ करताना तिला मध्येच कळलं होतं की आपला दुसरा हात कानामागे आहे. आणि तरी ती करत राहिली होती, ठिपका ठिपका, दात आवळून, जणू इथून पुरतं निघालं तर तिकडचंही निघेल.

"ममते, हाय का वं अंदर?"

अर्ध्या शटरखालून आधी पिशवी आली, मग काठी, मग माय. पुसदला जीपवाला भेटला म्हणे, सरळ सोडून गेला. माय आत येऊन उभी राहिली, पदरानं मान पुसली, नाक वर केलं आणि विचारलं, वास कशाचा, नेलपॉलिशची अख्खी बाटली फोडली काय. ममता टेबलाच्या आणि तिच्या मध्ये उभी होती, हातात ड्रायर घोंघावत. तिनं पाणी आणते म्हटलं, बस म्हटलं, पण जागची हलली नाही. मायनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कमरेशेजारून टेबलाकडे.

"सरक," माय म्हणाली.

ममता सरकली. माय टेबलाच्या काठाला हात टेकून वाकली. बाहेर बसस्टँडवर कोणी पुसद पुसद ओरडत होता. ममताला तिच्या पाठीवरून काहीच वाचता येईना. मग मायनं मान हलवली, भाजीवाल्यानं शेवटी खरा भाव सांगितला की हलवावी तशी.

"बरं केलं," ती म्हणाली. "मले वाटलं तू थे काढून टाकशीन. धम्मा फोनवर हळूच बोलत होता, तवाच समजलं मले, का हा काय सांगून राह्यला तुले. राहू देलं. बरं केलं वं बाई."

ममताला एकही शब्द बोलायची गरज नव्हती. हो म्हणायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. माय आपल्या मनानं खूष झाली होती, आणि तो मान ममताच्या पदरात अलगद येऊन पडला होता. आणि तेवढ्यात तिला दिसलं की हातातला ड्रायर अजून चालू आहे, तिरका, टेबलाकडे तोंड करून, आणि मायच्या गालावरची धुई कडेनं वितळायला लागली आहे. तिनं घाईनं बटण दाबलं. घोंघावणं थांबलं. धुई थांबली नाही. ऊब पोचली होती. आधी जबड्याकडून मागे हटली, मग मधला दाट भाग पातळ झाला, खालून तांबूस-सावळा रंग वर येऊ लागला, तेलकट, निरोगी, उसना. माय पाहत होती. तिनं हात उचलून स्वतःच्या गालाला लावला, जणू इकडचंही जातंय की काय ते बघायला.

"हे काय होऊन राह्यलं?"

मग सांगावं लागलं. ममतानं सांगितलं, की ते तुझं नव्हतं, ती ओल होती, हवेनं धरलेली. तुझं तर परवाच काढलं. धम्मा म्हणाला म्हणून. मायनं ऐकून घेतलं. फोटो आता पुरता साफ झाला होता, असा लखलखीत की वरच्या दिव्याची नळी त्यात जशीच्या तशी पडली होती. काम म्हणून पाहिलं तर असं काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. माय त्या बाईकडे जरा वेळ पाहत राहिली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण कोण होय? माह्या घरची नाही वाटत." मग, मान न वळवता, "धम्मा म्हणे. बरं. धम्माले पाहणाऱ्याइची काळजी. तू कायले काढलं?"

ममताचा हात वर गेला. कुठे गेला हे तिला तो पोचल्यावर कळलं. माय वळली, काठी टेबलाला टेकवली, आणि तिनं ममताचे केस बाजूला केले. लहानपणी उवा पाहायला करायची तसे, न विचारता, उजेडाकडे डोकं वळवून. तिच्या बोटाला प्रवासाचा, नाण्यांचा आणि लसणाचा वास होता. ममतानं डोळे मिटले. आता माय रडेल, असं तिला वाटलं. माझ्यामुळे म्हणेल. दिवाळीपासून ती ज्याला भीत होती ते हेच होतं. डाग नव्हे, मायचा चेहरा.

"मले फाल्गुनातच दिसलं होतं," माय म्हणाली. "तू वाकून ताट ठेवलं तवा. म्हटलं सांगशीन कधीतरी. कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही."

"दुखते का?"

"नाही."

"दुखतच नाही थे." मायनं केस पुन्हा सोडले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा कानामागे सारले. "बाकीच्यायलेच दुखते."

ममताला हसू आलं, आणि ते हसूच आहे की आणखी काही, हे ठरवायला तिनं वेळ लावला नाही. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. छातीत इतके महिने काहीतरी मूठ आवळून बसलं होतं, त्यानं मूठ उघडली आणि आत काहीच नव्हतं. रुमाल सोडल्यावर पहिली हवा नाकात शिरते तसं झालं. माय तिला दिसत होती, खरीखुरी, घामेजलेली, डाव्या गालावर सगळा पांढरा मुलूख घेऊन उभी. आणि ममताला कळलं की आपण या गालाकडे आजवर कधी इतका वेळ पाहिलंच नाही. आरशात स्वतःचा पाहिला रोज. हा नाही. त्याची वरची कड नदीच्या काठासारखी वाकडीतिकडी होती, आणि डोळ्याखाली मध्येच एक सावळा ठिपका तसाच शिल्लक होता, बेटासारखा. परवा संगणकावर तिनं तो ठिपकाही पुसून टाकला होता, त्याला ओळखल्याशिवाय.

धम्माचा फोन आला तेव्हा ममता मूळ फाईल उघडून बसली होती आणि प्रिंटर नव्या कागदाची पहिली पट्टी बाहेर सोडत होता. झाला का, चमक आली का, डाग नीट निघाला का, त्यानं एका दमात विचारलं. ममतानं म्हटलं, दुसरा काढते आहे, डागासकट. मग तो म्हणाला की ताई, लोक येतील, जेवतील, वर पाहतील. माझं काही नाही, पण मायलाच वाईट वाटेल. मायनं हात पुढे करून फोन घेतला, आणि तो कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलली, पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात.

"धम्मा, मले तुह्या बापाच्या उजव्या हाताले लाव. म्हंजे हा गाल त्याच्याकडं राहीन. त्यानं जलमभर हाच पाह्यला. दुसरा त्याले ओळखू यायचा नाही."

धम्मा म्हणाला, बायकोचा फोटो डाव्या हाताला लावतात. माय म्हणाली, ते ज्यांच्यात लावतात त्यांच्यात लावतात. मग पलीकडून धम्माचा आवाज आला, लहानपणीचा, नाकातला. बाबा त्यासाठी बसायचे का त्या बाजूला, त्यानं विचारलं. मायनं फोन ममताला परत दिला आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं. ममता प्रिंटरकडे पाहत राहिली. कपाळ आलं, भुवया आल्या, डावा डोळा, त्याच्याखाली पांढरं, आणि पांढऱ्यात तो एकटा सावळा ठिपका. इतकी वर्षं घरात उघडं पडलेलं उत्तर, आणि ते कोणी उचललंच नव्हतं. बाबांना झाकायचं नव्हतं काही. पाहायचं होतं.

शनिवारी ऊन पडलं. प्रिंटला पुरता दिवस मिळाला नव्हता, ती कसर पंख्यानं भरून काढली. ममतानं शटर पूर्ण वर केलं, टेबल दाराच्या उजेडात ओढलं, डबा हलवला. पहिला हात आडवा, दुसरा उभा. बाहेरून सुरू, बाहेर संपवलं, मध्ये कुठेही हात थांबला नाही. थांबायला काही कारणच नव्हतं, जोड नव्हता कुठे. मायला स्टुलावर बसवून माश्या हाकायचं काम दिलं, कारण ओल्या ग्लॉसवर माशी बसली की ती कायमची बसते. माय वर्तमानपत्राची घडी हलवत स्वतःच्या तोंडावरून माश्या हाकत होती आणि रस्त्यानं जाणारा-येणारा वाकून पाहत होता. एका बाईनं थांबून विचारलं, कोण वारलं. माय म्हणाली, अजून ठरलं नाही.

दुपारपर्यंत ग्लॉस असा बसला की बोट लावायचा मोह व्हावा. माय उठली, फोटोवर वाकली, आणि ममताला वाटलं ती आता आपला चेहरा नीट न्याहाळेल, काही बोलेल. मायनं त्या चकाकीत पाहून पदर सारखा केला, कपाळावरची बट मागे घेतली आणि दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं काढलं. आरसाच समजली होती ती. खालची माय सरळ पाहत हसत होती, वरची माय तिच्या अंगावर हलत होती, आणि दोघींचे गाल काही केल्या एकमेकांवर बसत नव्हते, कारण आरशातला गाल उलटा. ममता तिच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या चकाकीत तीही आली, मायच्या खांद्यावरून, केस कानांवर. तिनं दातात पिना धरल्या, दोन्ही हात मागे नेले, केस वर ओढून पीळ दिला आणि अंबाडा बांधला. मानेला वारा लागला. कानामागेही.

"झालं का?" माय म्हणाली. "चाल मंग. गाडी लागली असन."